दान, वाटा आणि गाऱ्हाणे : ख्रिस्ती दानविचार व समाजवाद यांच्या संबंधाची एक तपासणी

१

ख्रिस्ती धर्मातील दानविषयक शिकवण आणि समाजवाद यांचा मेळ बसतो की नाही, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक एकाच मळलेल्या वाटेने जाते. मेळ बसतो असे म्हणणारे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील यरुशलेमच्या मंडळीचा दाखला देतात. त्या मंडळीत कोणीही आपल्या मालमत्तेस आपली म्हणत नसे, मग समाजवाद याहून निराळे काय सांगतो, असा त्यांचा सवाल असतो. मेळ बसत नाही असे म्हणणारे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आधार घेतात. दान राजीखुशीने द्यावयाचे असते. समाजवाद तर कायद्याच्या बळाने घेतो. सबब जे सक्तीने घेतले गेले ते दानच नव्हे, आणि त्यात पुण्यही नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

या वादाचे वाचन करताना प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार जाणवली. दोन्ही पक्षांची दृष्टी देणाऱ्यावर खिळलेली आहे. त्याने किती द्यावे, कोणत्या भावनेने द्यावे, त्याच्या संमतीवाचून घेता येईल काय, हेच प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातात. ज्याला मिळावयाचे आहे तो या चर्चेत जवळजवळ मुका आहे. म्हणून येथे प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारून पाहावयाचा आहे: ज्याला मिळावयाचे ते मिळाले नाही, तर त्याला गाऱ्हाणे करण्याचा अधिकार आहे काय? ख्रिस्ती शिकवणीत जेथे या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे तेथे ती समाजवादाच्या फार जवळ येते, आणि जेथे ते नकारार्थी आहे तेथे या दोहोंची फारकत होते, असे दाखविण्याचा पुढील लेखाचा हेतू आहे.

२

हा भेद मराठी वाचकास सहज कळावा अशी सोय आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात, डोंगरावरील प्रवचनात येशू गुप्तपणे द्यावयास सांगतो तेथे ‘दानधर्म’ हा शब्द आहे. यरुशलेमच्या मंडळीचे वर्णन येते तेथे ‘समाईक’ हा शब्द आहे. भाषांतरकारांनी हे शब्द घडविले नाहीत; ते गावोगाव रुळलेलेच होते. दानधर्म घडतो तेथे एक हात वर असतो आणि दुसरा खाली. समाईक विहिरीचे तसे नसते. ज्याची पाळी असेल तो पाणी घेतो, त्याबद्दल शेजारच्या वाटेकऱ्याचे आभार मानीत नाही, आणि पाळी चुकविली गेली तर भांडावयास उभा राहतो. त्याच्या त्या भांडण्यास कृतघ्नपणा असे नाव गावात कोणी देत नाही.

‘दानधर्म’ या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. ‘धर्म’ म्हणजे योग्य आचरण. पण ‘चार पैसे धर्म कर’ असे म्हटले की त्याचा अर्थ भीक घालणे असा होतो, आणि धर्मार्थ दवाखाना, धर्मादाय निधी हे शब्दप्रयोगही त्याच वळणाचे आहेत. हिब्रू भाषेतील ‘त्सदाका’ या शब्दाची अशीच वाटचाल झाली आहे. मुळात त्याचा अर्थ न्याय, सदाचरण. कालांतराने तो गरिबास दिलेल्या मदतीचा वाचक झाला. यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा काही स्थळी या शब्दासाठी ‘दया’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाची योजना झाली, आणि युरोपीय भाषांतील भिक्षादानाचे शब्द त्या ग्रीक शब्दापासून निघाले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच्या वचनात हस्तलिखितांचे एकमत नाही; काहींत सदाचरणाचा शब्द आहे, काहींत दयादानाचा. नकलाकारांना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसण्याजोगे वाटत होते, हे यातून उघड होते. न्याय म्हणून द्यावयाचे की दया म्हणून, हा वाद समाजवाद्यांनी एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणला असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. तो त्या शब्दाच्या पोटातच होता.

३

आता ‘कृत्ये’ या ग्रंथाकडे वळू. परंपरेने तो लूकच्या नावावर आहे. त्याच्या दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत समाईक जीवनाचे वर्णन येते. तेथील विकण्याची व वाटण्याची क्रियापदे मूळ ग्रीकमध्ये रीतिवाचक भूतकाळात आहेत. मराठीत ‘विकीत असत’, ‘वाटून देत असत’ अशी त्यांची रूपे होतील. म्हणजे एखाद्या दिवशी सर्वांनी आपले सर्वस्व विकून टाकले असा प्रकार नाही. गरज पडेल तसतशी जमीन विकली जाई. बाराव्या अध्यायात योहान मार्काची आई मरिया हिचे घर अजून तिचेच आहे, आणि मंडळी प्रार्थनेसाठी तेथेच जमली आहे. हनन्या व सप्पीरा यांची भयंकर कथा पाचव्या अध्यायात आहे. जमिनीच्या किमतीचा काही भाग त्यांनी लपवून ठेवला आणि दोघेही मृत्यू पावले. पण तेथेही पेत्राचे म्हणणे असे की, जमीन विकण्यापूर्वी हनन्याचीच होती आणि विकल्यावरही पैसा त्याच्याच स्वाधीन होता; त्याचा अपराध खोटे बोलण्याचा. तेव्हा या मंडळीत खाजगी मालकी रद्द झाली होती, असे म्हणणाऱ्यांना ग्रंथाचा आधार मिळत नाही.

समाजवादी लेखकांनाही हे ठाऊक होते. रोझा लुक्झेंबुर्ग हिने १९०५ मध्ये आणि कार्ल कौट्स्की याने १९०८ मध्ये दाखवून दिले की, यरुशलेमचा साम्यवाद हा उपभोगाचा होता, उत्पादनाचा नव्हता. शेत विकून त्याची किंमत समाईक पंगतीत खर्च केली की पुढील वर्षी पेरावयास शेतच उरत नाही. एर्न्स्ट ट्रोल्च या धर्मशास्त्रज्ञाने १९१२ च्या आपल्या ग्रंथात त्याला प्रेमाचा साम्यवाद म्हटले. ही टीका योग्यच आहे. मात्र यावरून ती मंडळी पुढे दरिद्री झाली ती या उधळपट्टीमुळेच, असे जे अनुमान काढले जाते, त्यास ‘कृत्ये’ मध्ये पुरावा नाही. अकराव्या अध्यायात क्लौद्य कैसराच्या काळातील दुष्काळाचा उल्लेख मात्र स्पष्ट आहे.

आमच्या मते या ग्रंथातील खरे महत्त्वाचे स्थळ सर्वस्वविक्रयाच्या वर्णनात नाही. ते दोन निराळ्या ठिकाणी आहे.

पहिले चौथ्या अध्यायात. मंडळीत कोणी गरजू नव्हता, असे लूक सांगतो. हे शब्द अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातून घेतलेले आहेत हे ग्रीक पाठावरून ध्यानात येते. तो अध्याय दर सातव्या वर्षी कर्जे सोडून देण्याच्या नियमाचा आहे. नियम पाळला तर तुमच्यात गरीब असणार नाही, असे तेथे म्हटले आहे. गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत, हे येशूचे बोलणे समाजवादाच्या विरुद्ध पुढे करण्याची अनेकांना हौस असते. त्याचे मूळही याच अध्यायात थोडे पुढे आहे, आणि तेथे त्यास जोडूनच हात सैल सोडण्याची आज्ञा आहे. म्हणजे लूक येथे व्यक्तीच्या औदार्याचे गोडवे गात नसून एक नियमशास्त्र प्रत्यक्षात उतरल्याची साक्ष देत आहे.

दुसरे स्थळ सहाव्या अध्यायात येते. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली. समाईक जीवनाची इतकी स्तुती झाल्यावर लगेच हे गाऱ्हाणे यावे, याचा कित्येक भाष्यकारांना संकोच वाटतो. मंडळीच्या आरंभीच्या पावित्र्यास लागलेला हा पहिला डाग, असे ते मानतात. वास्तविक या प्रसंगाचे मर्म निराळे आहे. कुरकुरीसाठी लूकने जो ग्रीक शब्द वापरला, तोच ग्रीक बायबलात रानात मोशेविरुद्ध कुरकुरणाऱ्या इस्राएलासाठी आलेला आहे, आणि तेथे तो दोषाचा शब्द आहे. येथे मात्र कुरकुरणाऱ्यांना कोणी दोष दिला नाही. मिळते ते मुकाट्याने घ्या, असे त्या विधवांना सांगितले गेले नाही. प्रेषितांनी सर्वांची सभा बोलाविली, वाटणीच्या कामावर सात जण नेमले, आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्याकडेच व्यवस्था सोपविली गेली असावी, हे अनेक अभ्यासकांचे अनुमान पटण्यासारखे आहे.

भीक घेणाऱ्यास असे गाऱ्हाणे करता येत नाही, वाटेकऱ्यास येते. यरुशलेमच्या मंडळीत शेतांची मालकी कोणाची होती, यापेक्षा तेथील विधवा वाटेकरी होत्या ही गोष्ट समाजवादाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

४

पौलाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात त्याने मासेदोनिया, अखया इत्यादी प्रांतांतील मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे अध्याय याच वर्गणीसंबंधी आहेत. आपण आज्ञा करीत नाही, असे तो म्हणतो. कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नका, असेही सांगतो. सक्तीच्या विरोधकांचा सारा भार या वाक्यांवर आहे. परंतु त्याच आठव्या अध्यायात देण्याचे प्रयोजन म्हणून तो ‘समानता’ हा शब्द दोनदा वापरतो: आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. आणि त्यास आधार म्हणून मान्नाची कथा देतो, ज्यात अधिक गोळा करणाऱ्यास शिल्लक उरली नाही आणि कमी गोळा करणाऱ्यास तूट पडली नाही. मान्ना कोणी कोणास दान दिलेला नव्हता; तो प्रत्येकाच्या गरजेपुरता होता.

याहून निर्णायक असे वचन रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. वर्गणी पुरी झाली असून आपण ती घेऊन निघालो आहोत, असे तेथे पौल कळवितो. मंडळ्यांनी ती आपल्या खुशीने दिली, असे तो सांगतो आणि लगेच म्हणतो की, त्या त्यांच्या ऋणीच आहेत. खुशी आणि ऋण हे दोन्ही शब्द एका दमात आले आहेत. सक्तीचे विरोधक पहिला शब्द वाचून थांबतात. एखाद्याने देणे आनंदाने फेडले म्हणून ते देणे नव्हते असे होत नाही. खुशी हा देणाऱ्याच्या मनाचा प्रश्न आहे. देय आहे की नाही हा घेणाऱ्याच्या हक्काचा. हे दोन प्रश्न पौलाने वेगळे ठेवले, नंतरच्यांनी ते एकत्र केले.

येथे आमच्या बाजूने अधिक ताणणे मात्र योग्य होणार नाही. पौल ज्या ऋणाविषयी बोलतो ते सर्व गरिबांचे सर्व श्रीमंतांवर असलेले ऋण नव्हे. यरुशलेमकडून परकीयांना आध्यात्मिक लाभ झाला, त्याची ती परतफेड आहे. शिवाय ते वसूल करणारे कोणतेही न्यायालय त्याच्यापाशी नव्हते, आणि त्याने ते मागितलेही नाही. जाता जाता असेही नमूद करावेसे वाटते की, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील, काम न करणाऱ्याने खाऊ नये हे सूत्र सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेच्या बाराव्या कलमात जवळजवळ जसेच्या तसे आले होते. ते राज्य १९९१ मध्ये लयास गेले. पण ज्या ग्रंथास त्याने अफू मानले त्यातूनच एक कलम उचलावे, हा योगायोग मनोरंजक खराच.

५

पुढील तीन-चार शतकांत दानाविषयी दोन विचार शेजारीशेजारी वाढले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, श्रीमंताचे तारण कसे होईल या विषयावरील आपल्या प्रवचनात असा मुद्दा मांडला की, कोणापाशीच काही नसेल तर भुकेल्यास अन्न आणि उघड्यास वस्त्र देणार कोण? म्हणून धन टाकण्यापेक्षा धनाची आसक्ती टाकावी. हा विचार वरवर सौम्य दिसतो, परंतु त्याचा परिणाम दूरगामी झाला. दानासाठी श्रीमंत हवा, आणि श्रीमंताच्या तारणासाठी गरीब हवा, अशी ही जोडी आहे. यात गरिबी नाहीशी झाली तर पुण्याचे एक दारच बंद होते. समाजवादाशी ज्याचा मेळ खरोखरच बसत नाही तो ख्रिस्ती विचार हा होय. त्याचा कायद्याच्या सक्तीशी काही संबंध नाही. त्याचे मूळ पुण्याच्या हिशेबात आहे.

दुसरा विचार बासिल, अँब्रोज व योहान क्रिसोस्तोम यांचा. कप्पदुकियात ३६८-६९ च्या सुमारास दुष्काळ पडला असता बासिलने कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या दृष्टांतावर जे प्रवचन केले त्यात, नाट्यगृहात आधी येऊन बसलेल्याने सर्वांसाठी असलेली जागा आपलीच म्हणून इतरांस अडवावे तसे हे धनिक आहेत, असा दाखला आहे. साठविलेली भाकर भुकेल्याची आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. अँब्रोजने नाबोथाच्या द्राक्षमळ्यावरील प्रवचनात सांगितले की, गरिबास देणारा आपले काही देत नसून त्याचे त्यास परत करीत असतो.

क्रिसोस्तोमचे स्थान या सर्वांत निराळे आहे. तो ३९८ पासून कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माध्यक्ष होता. ‘कृत्ये’ वरील त्याच्या अकराव्या प्रवचनात एक प्रकारचा हिशेबच आहे. सर्वांनी आपली सोने-चांदी, शेते, घरे एकत्र केली तर किती होईल, याचा तो अंदाज बांधतो. शहरात ख्रिस्ती एक लाख धरतो, गरीब पन्नास हजार धरतो, आणि इतक्यांना रोज जेवू घालण्यास काही अडचण येणार नाही असा निष्कर्ष काढतो. पुढे तो घरगुती उदाहरण देतो. एका घरात नवराबायको आणि दहा मुले एका ताटाने जेवत असली तर खर्च कमी होतो की दहाही वेगळी राहिली तर? वेगळे राहण्यात दहा घरे, दहा चुली, दहा नोकर. विभागणीने नेहमी घट होते आणि एकोप्याने वाढ. मठांतून लोक आजही असे राहतात आणि उपाशी मरत नाहीत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकास हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातील भांडणेही त्याला ठाऊक असतील, जी क्रिसोस्तोमने सांगितली नाहीत.

या प्रवचनाचे महत्त्व असे की, येथे दानाचा विचार देणाऱ्याच्या पुण्यापासून सुटून व्यवस्थेकडे वळला आहे. लुक्झेंबुर्ग व कौट्स्की यांचा आक्षेप यालाही लागू पडतोच; शेत विकल्यावर धान्य कोण पिकविणार, याचे उत्तर क्रिसोस्तोमपाशी नाही. तथापि समाईक राहणे हे केवळ पवित्र नसून काटकसरीचेही आहे, असा ऐहिक युक्तिवाद त्याने केला. श्रोते घाबरू नयेत म्हणून, हे मी नुसते बोलत आहे, असेही तो सांगतो. बादशहाने कायदा करावा अशी मागणी त्याने केली नाही. ४०४ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले आणि ४०७ मध्ये तो त्याच स्थितीत मरण पावला. त्याच्या पतनास राजदरबाराचा रोष कारण झाला होता.

या धर्मपित्यांची भाषा कितीही तीव्र असली तरी आमच्या कसोटीवर ती निम्मीच उतरते. भाकर भुकेल्याची आहे, असे बासिल श्रीमंतास सांगतो. ती मागावयास कोठे जावे, हे तो भुकेल्यास सांगत नाही. हक्क मान्य झाला, पण त्याचा निवाडा शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत पुढे ढकलला गेला.

६

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने एक पाऊल पुढे टाकले. अत्यंत निकडीच्या वेळी, दुसरा उपाय नसताना, माणसाने परक्याच्या मालमत्तेतून आपली गरज भागविली तर ती चोरी नव्हे, असे त्याचे मत आहे. हे मत गरजवंताच्या बाजूने दिलेले आहे, देणाऱ्याच्या नव्हे, हे विशेष. पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट: निकड प्राणांतिक हवी.

तेरावा लिओ याने १५ मे १८९१ रोजी काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात याच मर्यादेचा उपयोग केला. स्वतःच्या गरजा भागून उरलेले गरिबास देणे हे कर्तव्य आहे. परंतु प्राणांतिक निकड सोडल्यास ते न्यायाचे नसून प्रेमाचे कर्तव्य आहे, आणि मानवी कायद्याने ते करवून घेता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. समाजवादाच्या ख्रिस्ती विरोधकांचा हाच मुख्य आधार राहिला आहे. परंतु त्याच परिपत्रकात मजुराच्या वेतनाचा विचार येतो तेव्हा भाषा बदलते. मजुराला आणि त्याच्या संसारास पुरेल इतके वेतन हा न्यायाचा प्रश्न ठरतो, आणि मालकमजुरांतील करार त्याहून कमी असला तरी न्याय त्याच्या वरचा मानला जातो. म्हणजे काम करणाऱ्यास गाऱ्हाणे आहे. काम नसलेल्यास, म्हाताऱ्यास, विधवेस ते नाही, त्यांच्यासाठी प्रेम आहे. ‘कृत्ये’ च्या सहाव्या अध्यायात गाऱ्हाणे झाले होते ते मात्र विधवांसाठी. आमच्या मते या परिपत्रकातील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, आणि त्यावर जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

पुढे रोमच्या भूमिकेत बदल होत गेला. अकरावा पायस याने १९३१ मध्ये, खरा समाजवादी आणि चांगला कॅथलिक एकाच वेळी होता येत नाही असे बजावले, पण अन्यायाने अडविलेल्या न्याय्य देण्याची जागा प्रेमाला घेता येत नाही असेही तेथेच लिहिले. सहावा पॉल याने १९६७ च्या परिपत्रकात अँब्रोजचे ते नाबोथप्रकरणी मत आधारास घेतले. तेव्हा १८९१ चा भेद हा ख्रिस्ती परंपरेचा एकमेव निष्कर्ष होय, असे मानण्यास जागा राहिलेली नाही.

७

प्रेमाचे कर्तव्य कायद्याचे कर्तव्य होऊ शकते काय, हा प्रश्न केवळ ग्रंथांत सोडवावयाचा नाही. एका ख्रिस्ती देशात तसे घडले आहे. इंग्लंडच्या सोळाव्या शतकातील कायद्यांत त्याच्या पायऱ्या क्रमाने पाहावयास मिळतात. १५५२ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात वर्गणी गोळा करणारे नेमले. त्यांनी लोकांना सौम्यपणे विचारावे, कोणी नकार दिल्यास पाद्र्याने त्याची समजूत घालावी, तरी न ऐकल्यास बिशपने घालावी. १५६३ मध्ये यापुढची पायरी आली: बिशपचेही न ऐकणाऱ्यास न्यायाधीशांपुढे उभे करावे, आणि त्यांनी रक्कम ठरवून द्यावी, न दिल्यास तुरुंग. १५७२ मध्ये गरिबांसाठी कर बसला, आणि १६०१ च्या प्रसिद्ध कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. वीस वर्षांत समजूत घालण्याचा कर झाला. हे समाजवाद्यांनी केले नाही. तेव्हा समाजवादी नव्हतेच. ज्यांनी केले त्यांना पौलाचे ते राजीखुशीचे वचन पाठ होते. त्यांना धर्म बुडाल्याची भीती वाटली नाही, कारण पाद्री व चर्चचे पदाधिकारीच त्या व्यवस्थेचे कारभारी होते.

तथापि सक्ती आली म्हणजे समाजवाद आला असे नव्हे, हेही याच इतिहासावरून कळते. १८३४ च्या दुरुस्तीने मदत मागणाऱ्यास अनाथगृहवजा कामगृहात जावे लागे, आणि तेथील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहून हलके असावे असा दंडक होता. गरीबखात्याची मदत घेणाऱ्याचा मताधिकार जाई. ही अपात्रता १९१८ पर्यंत टिकली. देणारा कायद्याने बांधला गेला होता, तरी घेणारा भिकारीच राहिला होता. किंबहुना गाऱ्हाणे करण्याचे जे अंतिम साधन, म्हणजे मत, तेच त्याच्याकडून काढून घेतले होते. याउलट १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या म्हाताऱ्यांना आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत वेतन मिळू लागले आणि ते १९०९ च्या पहिल्या जानेवारीपासून टपालकचेरीत दिले जाऊ लागले. रक्कम क्षुल्लक होती आणि ती सर्वांना मिळत नव्हती. परंतु ज्या खिडकीवर तिकिटे घ्यावयाची त्याच खिडकीवर आपले पैसे मागावयाचे, यात मोठा फरक होता. ते न मिळाले तर अपील करता येत असे.

इंग्लंडच्या ख्रिस्ती समाजवाद्यांना, म्हणजे १८४८ मध्ये एकत्र आलेल्या मॉरिस, किंग्स्ली व लडलो यांना, हे मर्म काही अंशी उमगले होते. लंडनच्या शिंप्यांची हलाखी पाहून त्यांनी अन्नछत्र उघडले नाही; १८५० मध्ये शिंप्यांची सहकारी संस्था काढली. त्यांच्या अनेक संस्था टिकल्या नाहीत. पण सहकारी संस्थांना कायद्याने मान्यता देणारा १८५२ चा अधिनियम त्यांच्या खटपटीचे फळ होय, आणि उत्पादनाचा जो प्रश्न क्रिसोस्तोमने सोडला होता तो त्यांनी हाती घेतला.

८

आता जे खरोखरच उरते त्याचा विचार करू. कायद्याने वाटा मिळू लागला की औदार्य आटते, असा आक्षेप आहे. रिचर्ड टिटमस याने १९७० मध्ये रक्तदानावर लिहिलेल्या ग्रंथात इंग्लंड व अमेरिका यांची तुलना करून दाखविले की, जेथे आरोग्यसेवा राष्ट्राची होती तेथे लोक मोबदल्यावाचून, अनोळखी माणसासाठी रक्त देत होते. जेथे रक्ताचा बाजार होता तेथे ती वृत्ती दुबळी होत होती. त्याच्या निष्कर्षांवर पुढे अर्थशास्त्रज्ञांनी वाद घातला, तरी आक्षेप वाटतो तितका स्वयंसिद्ध नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. उलट डाव्या हाताला कळू नये असे जे देणे येशूने सांगितले, ते अनोळखी रुग्णासाठी दिलेल्या रक्तात जितके साधते तितके नावाच्या पाट्या लावलेल्या देणग्यांत साधत नाही.

परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसणे, कैद्याला भेटावयास जाणे, परक्याला घरात घेणे, या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील कृत्यांचा वाटा पाडता येत नाही, आणि त्यांच्यासाठी खिडकीही उघडता येत नाही. येथे समाजवादाला बोलावयास काही नाही. ज्या समाजवाद्यांनी हे सारेच राज्याकडे सोपवावे असे मानले त्यांची चूक झाली. आणि ज्या ख्रिस्ती लेखकांनी या कृत्यांचे निमित्त करून भाकरीचा वाटाही प्रेमावरच सोडला त्यांचीही तितकीच झाली.

पौलाच्या वर्गणीचे पुढे काय झाले, याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. रोमकरांच्या पत्रात, आपली ही सेवा यरुशलेमच्या पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा, अशी तो विनंती करतो. म्हणजे घेणारे नाकारतील अशी त्याला धास्ती होती. ती स्वीकारली गेली की नाही, हे ‘कृत्ये’ चा लेखक सांगत नाही. चोविसाव्या अध्यायात मात्र फेलिक्स सुभेदारापुढे उभा असलेला पौल त्या पैशाचा म्हणून समजला जाणारा एक ओझरता उल्लेख करतो. स्वतःच्या पत्रांत ज्याला त्याने समानता, सहभाग आणि ऋण म्हटले होते, त्यासाठी तेथे त्याच्या तोंडी जो ग्रीक शब्द घातला आहे तो दयादानाचा आहे.